संगणकीय दप्तराची राखणदारी



मार्च महिन्याची ३१ तारीख शासकीय कार्यालयांत, शाळांत आणि ग्रामपंचायतींत कशी उजाडते व कशी मावळते, हे येथे जमलेल्यांना सांगावयास नको. देयके, उपयोगिता प्रमाणपत्रे, वसुलीचे आकडे, अखर्चित रकमांचा हिशेब असे सारे वर्ष त्या एका दिवसात येऊन दाटते. योगायोग असा, की हाच दिवस २०११ सालापासून 'जागतिक बॅकअप दिन' म्हणूनही पाळला जातो. संगणकावरील माहितीची राखीव प्रत काढून ठेवण्याची आठवण देणारा हा दिवस आहे. ज्या संगणकावर वर्षाचा हिशेब पुरा झाला, तो संगणक १ एप्रिलच्या सकाळी सुरूच झाला नाही तर काय, असा प्रश्न या योगायोगातून सहजच उभा राहतो.

दप्तर म्हणजे शासनाची स्मरणशक्ती होय. गावातील घराची कर आकारणी, मुलाच्या जन्मतारखेची नोंद, निराधार योजनेतील वृद्धेचा अर्ज, विद्यार्थ्याचे गुण, पाणीपुरवठा योजनेची मोजमापे हे सारे प्रशासनाच्या दृष्टीने कागद असले, तरी नागरिकाच्या दृष्टीने ते त्याचे हक्क आहेत. कागद हरवला, की हक्क सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्यापाशी दुसरा पुरावा नाही अशा माणसाच्या शिरावर येते. म्हणून दप्तराची राखण हा केवळ संगणक जाणणाऱ्यांचा विषय नसून, तो लोकसेवेचा विषय आहे.

कागदाची प्रत आणि संगणकाची प्रत

जुन्या कार्यालयीन पद्धतीला आज कोणी संथ म्हणो, परंतु तिच्यात एक शहाणपण होते. पत्र टंकलिखित होताना कार्बन लावला जाई. मूळ पत्र रवाना होई, स्थळप्रत फायलीत राही, आणि 'माहितीस्तव सादर' म्हणून आणखी एक प्रत तालुक्याला वा जिल्ह्याला जाई. जावक नोंदवहीत त्याची नोंद पडे. एका ठिकाणचे दप्तर भिजले, वाळवीने खाल्ले किंवा गहाळ झाले, तरी दुसऱ्या ठिकाणी शोध घेता येई. अधिकच्या प्रती काढण्यासाठी कोणास वेगळे सांगावे लागत नसे. ते कामाच्या रीतीतच बसलेले होते.

संगणक आला आणि काम झपाट्याने होऊ लागले. मात्र त्याबरोबर ती नकळत होणारी प्रत मागे पडली. टेबलावरील संगणकात तयार झालेली लाभार्थ्यांची यादी पुष्कळदा जगात एकाच ठिकाणी असते, आणि ते ठिकाण म्हणजे त्या संगणकातील हाताच्या पंजाएवढी एक डिस्क. ती दिसत नाही, म्हणून तिची काळजीही वाटत नाही. ई-ग्रामस्वराज किंवा यूडायस प्लस यांसारख्या प्रणालींवर भरलेली माहिती दूरच्या सर्व्हरवर साठते, हे खरे. तथापि त्या माहितीमागील कच्च्या याद्या, मोजणीचे तक्ते, सभेच्या इतिवृत्ताचे मसुदे, कामांची छायाचित्रे आणि पत्रव्यवहार हे सारे बहुधा कार्यालयातील संगणकावरच राहते. नेमका हाच भाग बिनरक्षकाचा असतो.

फाईल कशी हरवते

फाईल हरवण्याचे मार्ग अनेक आहेत. चुकून पुसली जाणे हा पहिला. पुसलेली फाईल सहसा 'रिसायकल बिन'मध्ये जाते व तेथून परत घेता येते. मात्र पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाईल सामान्यतः तेथे जात नाही. दुसरा मार्ग अधिक फसवा आहे. गेल्या वर्षीची यादी उघडायची, तीत या वर्षीची नावे भरायची आणि त्याच नावाने साठवायची. फाईल जागेवर दिसते, पण गेल्या वर्षीची यादी नाहीशी झालेली असते. येथे रिसायकल बिनचा काहीच उपयोग नाही, कारण काहीही 'पुसलेले' नाही. तिसरा मार्ग डिस्क निकामी होण्याचा, चौथा विजेच्या दाबातील चढउताराचा, पाचवा चोरीचा, सहावा आग व पुराचा, आणि सातवा खंडणीखोर विषाणूचा. हा विषाणू फायली कुलूपबंद करतो व किल्लीसाठी पैसे मागतो.

फाईल पुसली गेली तरी एखादा जाणकार ती काढून देईल, असा समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. जुन्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कवर फाईल पुसली म्हणजे तिची जागा मोकळी झाल्याची खूण तेवढी होते. मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक राहतो. म्हणून अशा वेळी संगणक वापरणे त्वरित थांबवावे, असा सल्ला दिला जातो. आता बहुतेक नव्या संगणकांत असलेल्या एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये मोकळी झालेली जागा यंत्रणा स्वतःच लवकर साफ करून टाकते, आणि मग तेथे शोधण्यासारखे काही उरत नाही. तात्पर्य, हरवल्यानंतरचा शोध हा नशिबाचा भाग होय. हरवण्यापूर्वी काढलेली प्रत हाच भरवशाचा उपाय.

स्वयंचलित प्रत कशासाठी

दर शनिवारी प्रत काढण्याचा आदेश निघाला, म्हणजे प्रत निघतेच असे नाही. शनिवारी सुटी येते, निवडणुकीचे काम येते, लिपिकाची बदली होते. शिवाय फाईल हरवते ती नेमकी कामाच्या धांदलीच्या दिवशी, आणि त्याच दिवसांत प्रत काढण्याचे राहून गेलेले असते. माणसाच्या आठवणीवर सोपवलेले काम आठवणीइतकेच टिकते. म्हणून ते यंत्रावर सोपवणे श्रेयस्कर.

स्वयंचलित बॅकअपची रीत समजण्यास सोपी आहे. संगणक प्रथम ठरवून दिलेल्या सर्व फायलींची एक पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर काढतो. त्यानंतर ठरावीक वेळाने तो केवळ बदललेल्या फायली शोधतो आणि तेवढ्यांचीच नवी प्रत काढतो. त्यामुळे वेळ व जागा दोन्ही वाचतात. ॲपल कंपनीच्या संगणकांत २००७ साली आलेली 'टाइम मशीन' ही सोय गेल्या २४ तासांच्या दर तासाच्या, गेल्या महिन्याच्या दर दिवसाच्या आणि त्यामागील काळाच्या दर आठवड्याच्या प्रती जपून ठेवते. विंडोजमध्ये २०१२ साली आलेली 'फाईल हिस्ट्री' ही सोय एकदा सुरू केली, की वेगळे काही न सांगताही दर तासाला प्रत घेते. जुन्या आवृत्त्या तारीखवार जपल्या जातात हाच या रीतीचा खरा लाभ आहे. गेल्या वर्षीची यादी नव्या नावांखाली गाडली गेली असली, तरी त्या बदलापूर्वीच्या तासाची प्रत उघडून ती जशीच्या तशी परत मिळवता येते.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. दोन ठिकाणच्या फायली सतत सारख्या ठेवणारी सोय आणि बॅकअप या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीत एका ठिकाणी पुसलेली फाईल दुसऱ्या ठिकाणीही पुसली जाते. आरसा आपल्यासमोरचे दृश्य दाखवतो, कालचे दाखवत नाही. बॅकअपने काल दाखवावयास हवा.

आग कागदाला आणि यंत्रालाही

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. मनुष्यहानी झाली आणि हजारो फायली भस्मसात झाल्या. दप्तर कागदावरून संगणकावर आणण्याची निकड त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला पटली. ती योग्यच होती. परंतु संगणकावर आणलेले दप्तरही कोठल्या तरी इमारतीतच असते, याची जाणीव पुढे दुसऱ्या एका देशातील आगीने करून दिली.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात, शासनाच्या राष्ट्रीय माहिती केंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. शासनाच्या ७०९ संगणक प्रणाली बंद पडल्या. त्यांपैकी ९६ प्रत्यक्ष आगीत सापडल्या. त्यांतच शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली साठवणारी एक सामाईक प्रणाली होती. प्रत्येक कर्मचाऱ्यास तीत ३० जीबी जागा दिलेली होती, आणि काम स्वतःच्या संगणकावर न ठेवता तेथेच ठेवण्याची सूचना होती. ८५८ टीबी एवढा तिचा साठा जळून गेला. त्याची अन्यत्र प्रत नव्हती. साठा फार मोठा असल्यामुळे बाहेर प्रत ठेवण्याची व्यवस्था झालेली नव्हती, असे कारण देण्यात आले. ज्या खात्यात सूचनेचे पालन सर्वाधिक काटेकोर झाले होते, त्या कर्मचारी व्यवस्थापन खात्यास सर्वाधिक फटका बसला.

संगणकशास्त्रात अग्रेसर गणल्या जाणाऱ्या देशात हे घडले, यातील बोध कडू पण स्पष्ट आहे. मंजुरी मिळालेली अंतिम कागदपत्रे वेगळ्या प्रणालीतही नोंदलेली असल्याने त्यांचा मार्ग उरला. जळाले ते कर्मचाऱ्यांचे रोजचे काम, अर्थात मसुदे, टिपणे आणि आकडेमोड. आपल्या कार्यालयांत टेबलावरील संगणकात असते ते नेमके हेच. सारे एका ठिकाणी गोळा केल्याने शिस्त येते, पण सुरक्षितता येत नाही. ती येण्यासाठी त्या एका ठिकाणापासून दूर दुसरे ठिकाण असावे लागते.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशातील आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. रुग्णनोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंतचे काम सुमारे दोन आठवडे हाताने करावे लागले. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टीबी माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली होती. तथापि हल्ल्याची झळ न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून रुग्णसेवेची माहिती परत मिळवण्यात आली, असे केंद्र शासनाने संसदेत सांगितले. त्रास झाला, पण रुग्णांच्या नोंदी वाचल्या.

प्रत आहे, पण ती उघडते काय?

स्वयंचलित व्यवस्था बसवली म्हणजे निश्चिंत व्हावे, असे मात्र नाही. सॉफ्टवेअर निर्मात्यांचे काम साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि सुमारे ३०० जीबी माहिती पुसली गेली. प्रती राखण्याच्या पाच निरनिराळ्या व्यवस्था तेथे होत्या. संकटसमयी त्यांपैकी एकही भरवशाची ठरली नाही. रोज आपोआप निघणारी प्रत प्रत्यक्षात निघतच नव्हती, कारण प्रत काढणारा प्रोग्राम आणि मूळ प्रणाली यांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. प्रत फसल्याची सूचना देणाऱ्या ई-मेलही वाटेतच नाकारल्या जात होत्या. शेवटी, सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत कामी आली. त्या सहा तासांतील काम गेले ते गेलेच. कंपनीने ही सारी हकीकत स्वतः जाहीर केली, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय.

यंत्र प्रत काढील, परंतु ती प्रत खरी आहे की नाही हे पाहणे माणसाचेच काम आहे. महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती गावोगावी होत्या, पण हातोहात नकला होताना त्यांत पाठभेद शिरले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, संत एकनाथांनी प्रती पडताळून ग्रंथाचा शुद्ध पाठ सिद्ध केला. नकलेने ग्रंथ टिकला आणि पडताळणीने तो शुद्ध राहिला. संगणकीय दप्तरालाही या दोन्हींची गरज आहे.

गावपातळीवर काय करता येईल

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी मांडलेला 'तीन-दोन-एक' हा नियम आज सर्वत्र मानला जातो. माहितीच्या मूळ प्रतीसह एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. ग्रामपंचायतीस किंवा शाळेस हा नियम पाळण्यासाठी मोठ्या यंत्रणेची जरुरी नाही.

पहिली गोष्ट, संगणकाबाहेर जोडता येणाऱ्या दोन डिस्क घ्याव्यात. त्यांपैकी एक जोडून ठेवावी व तीवर स्वयंचलित प्रत सुरू करावी. दुसरी अन्य इमारतीत, उदाहरणार्थ पंचायत समितीच्या किंवा केंद्रशाळेच्या कुलूपबंद कपाटात ठेवावी. दर आठवड्याला दोहोंची अदलाबदल करावी. सतत जोडलेल्या डिस्कपर्यंत विषाणूही पोहोचतो आणि विजेचा झटकाही. वेगळी ठेवलेली डिस्क या दोहोंपासून अलिप्त राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीस आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेले महापूर ज्यांनी पाहिले, त्यांना दुसरी डिस्क पूररेषेबाहेर का ठेवावयाची हे समजावून द्यावे लागणार नाही. वरिष्ठ कार्यालयाने मान्य केलेली सर्व्हरवरील जागा उपलब्ध असेल, तर तेथे तिसरी प्रत ठेवावी, म्हणजे साधनही निराळे होते. खासगी व्यक्तीच्या नावे उघडलेल्या खात्यात शासकीय दप्तर ठेवणे मात्र उचित नाही.

दुसरी गोष्ट, कोणत्या फायलींची प्रत निघते आहे हे पाहावे. पुष्कळ कार्यालयांत काम 'डी' ड्राइव्हवर साठवले जाते. संगणकातील सोय मात्र सांगितल्याखेरीज 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स' अशा ठरलेल्या फोल्डरांचीच प्रत घेते. अशा वेळी व्यवस्था चालू दिसते, पण प्रत रिकाम्या घराची निघत असते. काम जेथे आहे ती जागा बॅकअपमध्ये स्पष्टपणे नेमून द्यावी.

तिसरी गोष्ट खास मराठीची आहे. युनिकोडपूर्वीच्या काळात श्री-लिपी, कृतिदेव आदी निरनिराळ्या टंकांत तयार झालेल्या फायली अनेक कार्यालयांत आहेत. अशी फाईल नव्या संगणकावर सुखरूप परत आली, तरी तो टंक तेथे नसेल तर पडद्यावर निरर्थक अक्षरे दिसतात. म्हणून या टंकांच्या फायली बॅकअपसोबत जपाव्यात, महत्त्वाच्या जुन्या कागदांची पीडीएफ प्रत करून ठेवावी, आणि नवे काम युनिकोडमध्येच करावे.

चौथी गोष्ट पडताळणीची. महिन्यातून एक दिवस ठरवून, कोणतीही एक फाईल राखीव प्रतीतून वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणावी, उघडावी आणि वाचून पाहावी. दर महिन्यास फाईल निराळी निवडावी. यासाठी एक साधी नोंदवही पुरे. तीत दिनांक, फायलीचे नाव, कोणत्या दिवसाची प्रत, उघडली किंवा नाही, आणि स्वाक्षरी एवढेच रकाने असावेत. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत या डिस्क व ही नोंदवही समाविष्ट असावी, अन्यथा बदली झालेल्या कर्मचाऱ्याबरोबर व्यवस्थाही निघून जाते. तसेच या डिस्कवर आधार क्रमांक, बँक खाती व विद्यार्थ्यांची माहिती असते. सबब ती परवलीच्या शब्दाने सुरक्षित असावी, आणि तो शब्द मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखांपाशी असावा.

कायद्याची अपेक्षा

हे सारे ऐच्छिक नाही. माहितीच्या अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अभिलेख सूचिबद्ध करून ठेवणे आणि शक्य त्या अभिलेखांचे संगणकीकरण करणे हे सार्वजनिक प्राधिकरणांचे कर्तव्य आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७ असे सांगते, की जतन केलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढेही पाहता येईल अशा स्थितीत असला पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाचा हेतूही अभिलेखांचे रक्षण हाच आहे. 'संगणक बिघडला' हे नागरिकास दिलेले उत्तर कदाचित वस्तुस्थितीस धरून असेल, पण ते पुरेसे नाही.

नमुना ८ मधील आपल्या घराची नोंद मागावयास आलेला शेतकरी किंवा शाळा सोडल्याचा दाखला पुन्हा मागणारी मुलगी यांना सर्व्हर, डिस्क व बॅकअप यांच्याशी कर्तव्य नसते. त्यांचा कागद त्यांना मिळाला की काम झाले. तो मिळण्यामागे कोणी तरी वेळेवर केलेली तजवीज असते, आणि ती यशस्वी झाली तर तिचा कोठे उल्लेखही होत नाही. पूर्वी दप्तराच्या रुमालांना गाठ मारणाऱ्या लिपिकाची निष्ठा अशीच अबोल होती. यंत्राने त्याचे श्रम हलके केले आहेत, जबाबदारी मात्र आहे तशीच आहे. प्रत्येक कार्यालयाने, शाळेने आणि ग्रामपंचायतीने येत्या महिन्याचा एक दिवस ठरवून एक फाईल परत आणून पाहिली, तर आपले दप्तर खरोखर जिवंत आहे की नाही, हे त्याच दिवशी कळून येईल. फाईल न उघडल्यास दोष दुरुस्त करण्यास त्या दिवशी अवधी असतो. हरवल्यानंतर तो नसतो.